बायोसेन्सर: एन्झाइम लावू की जिवंत पेशी? आधी अडसर कुठे ठेवायचा ते ठरवा

प्रश्न असा आहे. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष, प्रकल्पाला चार महिने, कॉलेजजवळच साखर कारखाना. त्या कारखान्याच्या सांडपाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण खाताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन ओढतात त्याचं माप) बाटलीत मोजायला पाच दिवस लागतात; तो काही मिनिटांत सांगणारा बायोसेन्सर, म्हणजे टोकावर एन्झाइम किंवा जिवंत पेशी लावलेलं मोजयंत्र, बनवायचा आहे. शुद्ध एन्झाइमची बाटली परवडत नाही, जीवाणू तर फुकट मिळतात. पण गाईड म्हणतात की एन्झाइमच जास्त अचूक. काय वापरावं?

सरळ उत्तर आधी देतो: बीओडीसाठी जिवंत पेशीच वापरा. 'बीओडीएज' नावाचं एन्झाइम नसतं. एन्झाइमला एकच प्रश्न कळतो: या थेंबात ग्लुकोज किती, किंवा युरिया किती. बीओडी हा प्रश्नच वेगळा. या पाण्यात सूक्ष्मजीवांना खाण्याजोगं किती आहे आणि ते खाताना ते किती ऑक्सिजन ओढतील, हे खाणाऱ्यालाच विचारावं लागतं. गाईडचं म्हणणं ग्लुकोजसाठी बरोबर आहे, तुमच्या कामासाठी नाही.

पण 'फुकट' हा शब्द मला खटकला. गेली वीसेक वर्षं मी ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या टोकावर कधी एन्झाइम, कधी यीस्ट, कधी गाळातले जीवाणू चिकटवत आलोय. त्यातून एवढं कळलं की टोकावर लावलेला माल स्वस्त असो वा महाग, सेन्सर चालणार की बसणार हे भलत्याच गोष्टीवर ठरतं. ती गोष्ट म्हणजे अडसर. नमुन्यापासून इलेक्ट्रोडपर्यंतच्या वाटेत सगळ्यात सावकाश पायरी कोणती, हे तुम्ही ठरवलंय की आपोआप ठरू दिलंय? उत्तर लांबणार आहे ते यामुळे.

कारखान्याशेजारी राहता म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. समजा गिरणीची क्षमता दिवसाला पाच हजार टन आणि गव्हाणीत ऊस येतोय तीन हजार टन. अशा दिवशी संध्याकाळचा गाळपाचा आकडा पाहिला की किती ऊस आला ते कळतं. एखादा रोलर जरा झिजला असला तरी आकडा हलत नाही. आता उलटं करा. ऊस आलाय आठ हजार टन आणि यार्डात गाड्यांची रांग. आता गाळपाचा आकडा किती ऊस आला ते सांगतच नाही, तो गिरणीची तब्येत सांगतो. बायोसेन्सरमध्ये ऊस म्हणजे मोजायचा पदार्थ, गिरणी म्हणजे एन्झाइम किंवा पेशी, आणि गाळप म्हणजे मीटरवरचं रीडिंग. पदार्थ मोजायचा असेल तर गिरणी मोठी ठेवा आणि गाड्या बेताने सोडा. विष मोजायचं असेल, म्हणजे गिरणीला काय झालंय हेच विचारायचं असेल, तर गिरणी लहान ठेवा आणि ऊस भरपूर घाला. मी पाहिलेले बहुतेक फसलेले प्रकल्प या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे फसलेले आहेत.

ग्लुकोजच्या सेन्सरमध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. लेलँड क्लार्क यांनी १९५०च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर प्लॅस्टिकचं पातळ पटल ताणलं. ऑक्सिजन पटलातून आत जातो, प्रथिनं आणि रक्तपेशी बाहेर राहतात. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर पटलांमध्ये अडकवायची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी तेच एन्झाइम जेलमध्ये कोंडून दाखवलं, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीचं यंत्र बाजारात आलं. क्रिया साधी आहे. ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत, ग्लुकोनोलॅक्टोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर. ऑक्सिजन किती घटला ते मोजा, नाहीतर पेरॉक्साइड किती झालं ते मोजा. (मधमाशीही मधात ग्लुकोज ऑक्सिडेज घालते, पातळ केलेल्या कच्च्या मधाचा जंतुनाशक गुण बराचसा या पेरॉक्साइडचा. प्रयोगशाळेत येतं ते मात्र अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचं.)

आता या एन्झाइमचा केएम, म्हणजे ज्या प्रमाणाला त्याचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते प्रमाण, साधारण २० ते ३० मिलिमोलर. अनियंत्रित मधुमेहात रक्तातलं ग्लुकोज २० मिलिमोलरपर्यंत सहज जातं. म्हणजे एन्झाइम उघडं ठेवलं तर जिथे मोजायचंय नेमका तिथेच आलेख वाकतो. शिवाय एन्झाइम रोज थोडं थोडं मरतं, त्यामुळे कालचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या द्रावणावर यंत्र जुळवणं) आज चालत नाही. यावर उपाय म्हणून कुणी एन्झाइम सुधारत बसलं नाही. त्यावर आणखी एक घट्ट पटल ताणलं, ग्लुकोजला आत यायला मुद्दाम त्रास होईल असं. आता थरात पोचणारं ग्लुकोज इतकं थोडं असतं की एन्झाइम ते आल्याबरोबर संपवतं. रीडिंग पटल ठरवतं, आणि पटल मरत नाही.

ढोबळ गणित करून बघा. गरजेच्या पन्नासपट एन्झाइम लावलंय आणि त्याचं अर्धायुष्य चार दिवस आहे. पन्नासपटीवरून एकपटीवर यायला साडेपाचाहून जरा जास्त अर्धायुष्यं लागतात, म्हणजे साधारण २२ दिवस. पहिले अडीच-तीन आठवडे सेन्सर जणू काही झालंच नाही असा वागतो आणि मग दोन-चार दिवसांत कोसळतो. "सर, कालपर्यंत उत्तम चालत होता!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकून मला बरंच वाटतं. अडसर योग्य जागी होता याचा तो पुरावा असतो. रोज थोडं थोडं उतरणारं रीडिंग जास्त वाईट.

अडसर कुठे आहे हे ओळखायच्या तीन सोप्या चाचण्या आहेत, तुमच्या प्रयोगशाळेत फुकटात होतील. पहिली: एन्झाइम दुप्पट करून दुसरा इलेक्ट्रोड बनवा. रीडिंग तेवढंच राहिलं तर अडसर पटलात, वाढलं तर एन्झाइममध्ये. दुसरी: तापमान पाच अंशांनी वाढवा. पदार्थ पटलातून झिरपण्याचा वेग दर अंशाला दोन-तीन टक्के वाढतो, एन्झाइमचा वेग सहा-सात टक्के. तिसरी: मॅग्नेटिक स्टररचा वेग बदला. ढवळण्याने रीडिंग हललं तर अडसर ना पटलात ना एन्झाइममध्ये, तो बाहेरच्या साचलेल्या पाण्याच्या थरात आहे. ही सगळ्यात वाईट जागा, कारण तिच्यावर तुमचा ताबा नाही. अशा वेळी जाड डायलिसिस पटल लावलं की बहुतेक वेळा काम भागतं. प्रतिसाद सावकाश होतो, पण विश्वासाचा होतो.

हीच युक्ती दंडावर लावायच्या सततच्या ग्लुकोज सेन्सरमध्ये आणखी बारकाईने वापरलेली असते. त्वचेखालच्या द्रवात ग्लुकोज पाचेक मिलिमोलर आणि ऑक्सिजन त्याच्या कित्येक पटींनी कमी. हवेने पूर्ण भरलेल्या पाण्यातही तो २५ अंशांना पाव मिलिमोलरच असतो. एका ग्लुकोजला एक ऑक्सिजन लागतो, म्हणजे ऑक्सिजनचीच टंचाई. पेरॉक्साइड मोजणाऱ्या सेन्सरवर म्हणून असं पटल असतं की ऑक्सिजनला वाट मोकळी आणि ग्लुकोजला अरुंद. दुसरा मार्ग म्हणजे ऑक्सिजनला रजाच द्यायची. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या गटाने फेरोसीन हा मध्यस्थ वापरून एन्झाइममधले इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडकडे नेले, आणि तीनच वर्षांत त्यावरचा पेनाच्या आकाराचा घरगुती मीटर बाजारात आला. अ‍ॅडम हेलर यांनी पुढे ऑस्मियमच्या बहुवारिकाने एन्झाइमला जणू तारच जोडली. दंडावरच्या १४ दिवसांच्या फ्रीस्टाइल लिब्रेमागे ती कल्पना आहे.

'एन्झाइम म्हणजे अचूक' या समजुतीला एक छेद देऊनच पुढे जातो. काही मीटरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पीक्यूक्यू या सहायक रेणूवर चालणारं ग्लुकोज डिहायड्रोजिनेज होतं. ते ऑक्सिजनला विचारत नाही, हा फायदा. पण माल्टोजलाही ग्लुकोजच समजतं. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण देतात, त्याचं शरीरात माल्टोज होतं. मीटर साखर वाढलेली दाखवायचा, रुग्णाला इन्सुलिन दिलं जायचं आणि खरी साखर आधीच कमी असायची. त्यात मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला. एन्झाइम फक्त त्याच्या ओळखीचं बोलतं, आणि त्याची ओळख किती लांबवर पसरलीय ते आपल्याला ठाऊक असावं लागतं.

उलट्या प्रकारची गिरणी, म्हणजे विष मोजणारी, कीटकनाशकांच्या सेन्सरमध्ये दिसते. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे आपल्या चेतापेशींतलं एन्झाइम ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांची कीटकनाशकं बंद पाडतात. किती बंद पडलं ते मोजायचं. इथे एन्झाइम भरपूर लावणारा हमखास आपटतो. थोडं विष, प्रचंड एन्झाइम, नव्वद टक्के मेलं तरी उरलेलं दहा टक्के सगळं काम उरकतं आणि सेन्सर म्हणतो सगळं ठीक. विषासाठी एन्झाइम चिमूटभरच हवं. शिवाय मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस यांच्यासारखी गंधकवाली रूपं मुळात या एन्झाइमला नीट अडवत नाहीत. कीटकाच्या किंवा आपल्या शरीरात त्यांचं ऑक्सॉन रूप होतं ते खरं जहाल. नमुन्याचं आधी ऑक्सिडेशन केलं नाही तर रीडिंग फसवं येतं.

आणि ज्याला हे एन्झाइम ओळखतच नाही त्याचं काय? २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे. ते वेलीची वाढ रोखणारं संजीवक आहे. त्या प्रमाणात असताना या एन्झाइमच्या पट्टीने ती द्राक्षं बिनदिक्कत पास केली असती. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा यांच्या गटाने मिथाइल पॅराथिऑनसाठी याहून सरळ वाट काढली. हे कीटकनाशक फोडणारे फ्लेव्होबॅक्टेरियमचे जीवाणू काचतंतूंच्या फिल्टरवर बसवले. फुटलेल्या रेणूतून पिवळं पॅरानायट्रोफिनॉल निघतं, ते रंगावरून मोजायचं. विष वाढलं की आकडा वाढतो, घटत नाही. मला स्वतःला वाढणाऱ्या आकड्यावर जास्त भरवसा वाटतो. रीडिंग घटायला शंभर कारणं असतात, नेमक्या त्या रंगाने वाढायला एखाददुसरंच.

आता तुमच्या कामाकडे. १९७७ मध्ये जपानमध्ये इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीव कोलॅजनच्या पटलात अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर लावले आणि सांडपाण्याचा बीओडी मोजून दाखवला. पुढे मिश्र जीवाणूंऐवजी ट्रायकोस्पोरॉन क्युटेनियम हे एकच यीस्ट आलं, तयार यंत्रं आली आणि १९९० मध्ये जपानने या पद्धतीला आपल्या औद्योगिक मानकांत जागा दिली. तत्त्व तुम्हाला माहीत असेलच. शुद्ध बफरमध्ये पेशी उपाशी असतात तेव्हा त्यांचा संथ श्वास चालतो, मीटर एका पातळीवर स्थिर असतो. सांडपाणी घातलं की त्यातलं अन्न आत झिरपतं, पेशी जोरात श्वास घेऊ लागतात, इलेक्ट्रोडपाशी ऑक्सिजन घटतो आणि पंधरा-वीस मिनिटांत नवी पातळी स्थिरावते. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे तुमचं रीडिंग. कॅलिब्रेशनला ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्लाचं द्रावण, प्रत्येकी १५० मिलिग्रॅम प्रति लिटर. त्याचा पाच दिवसांचा बीओडी १९८ मिलिग्रॅम प्रति लिटर धरतात. एक दुरुस्ती इथेच: तुम्ही 'पाच दिवस' म्हणता, पण ती २० अंशांवरची जुनी इंग्रजी रीत. आपल्याकडच्या मानकात २७ अंशांना तीन दिवस आहे. तुलना त्याच्याशीच करा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

पेशींची अडचण अशी की ही गिरणी रात्रीतून स्वतःला बदलते. पटल घट्ट करून एन्झाइमचं मरण झाकता येतं, पेशीची बदललेली आवड झाकता येत नाही. तिला आठवडाभर ग्लुकोज-ग्लुटामेटवर पोसा, ती त्यात तरबेज होते आणि सुक्रोज समोर आल्यावर रेंगाळते. मग कॅलिब्रेशन झकास आणि नमुन्याचं रीडिंग कमी. म्हणून तुमच्या पेशींना त्याच कारखान्याच्या गाळलेल्या, पातळ केलेल्या सांडपाण्याची सवय लावा आणि कॅलिब्रेशनच्या द्रावणातही थोडी साखर घाला. सुदैवाने साखर कारखान्याचं पाणी यीस्टला मानवणारं असतं, सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्याच्याकडे आहेच. डेअरीच्या सांडपाण्याला मात्र बेकरीचं यीस्ट लावू नका. त्याला लॅक्टोज पचत नाही, आणि अर्ध्या बीओडीला सेन्सर आंधळा राहील. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशला (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या पाण्याला) तर या प्रकल्पात हातच लावू नका. तो दर लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमच्या घरातला प्रकार. हजारपट पातळ करायचा म्हणजे पिपेटची चूक मोजत बसायचं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि ती मी स्वतः खाल्लेल्या आपटीतून सांगतो. एका कारखान्यात, नाव राहू दे, आम्ही यीस्टचा सेन्सर ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) तोंडाशी लावला होता. दोन आठवडे आकडे समजण्यासारखे. एका दिवशी बीओडी अचानक खाली. व्यवस्थापक खूश, आम्हीही जरा फुशारलो. चौकशी केली तर त्या दिवशी बाष्पीभवनाच्या बॉडींची, म्हणजे रस आटवायच्या टाक्यांची, सफाई होती, कॉस्टिक सोडा उकळून काढलेलं पाणी नाल्यात आलेलं. यीस्ट गार पडलं होतं. तीन दिवसांनी बाटल्यांमधला खरा बीओडी आला तो चढलेला. मेलेली पेशी ऑक्सिजन खात नाही, आणि सेन्सर त्याचा अर्थ 'पाणी स्वच्छ' असा लावतो. या यंत्राची चूक नेमकी कारखान्याला हव्या त्या दिशेने होते. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर असताना ही चूक साधी नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तुम्हीही तो सोडू नका. प्रत्येक नमुना दोनदा चालवायचा: एकदा नुसता, एकदा ठरावीक ग्लुकोज-ग्लुटामेट मिसळून. मिसळलेलं पूर्ण दिसलं तर पेशी शुद्धीवर आहेत. अर्धंच दिसलं तर नमुन्यात विष आहे किंवा पेशी दमल्यात; तो आकडा वहीत लिहा, पण बीओडी म्हणून नको. खरं तर या फरकावरच तुमचा प्रकल्प उभा राहू शकतो, कारण बाटलीतली तीन दिवसांची चाचणी तुम्हाला 'आत्ता विष आलंय' हे कधीच सांगत नाही. क्लोरीनचं पाणी असेल तर आधी सोडियम थायोसल्फेटने मारा. सल्फाइट वापरायचा मोह होईल, तो टाळा. जास्तीचं सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातं आणि बीओडी फुगतो. पीएच सातच्या आसपास आणूनच नमुना आत घ्या.

आता छोट्या छोट्या गोष्टी, ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात महिना खातात.

पेशी अडकवायला केलेले अल्जिनेटचे मणी फॉस्फेट बफरमध्ये ठेवू नका. मणी कॅल्शियमने बांधलेले असतात, फॉस्फेट कॅल्शियम पळवतं, आणि सकाळी बघाल तर मण्यांचा लगदा. सायट्रेट आणि ईडीटीए यांचंही तेच. हेपिस किंवा ट्रिस बफर घ्या आणि त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड राहू द्या. पण पेशी ग्लुटाराल्डिहाइडने बांधायच्या असतील तर ट्रिस नको, कारण ट्रिसमधला अमाइन गटच ते खाऊन टाकतो आणि बांधायला काही उरत नाही. बीओडीसाठी मुळात ग्लुटाराल्डिहाइड शक्यतो टाळाच. पेशीचं एखादं एन्झाइम टिकलं तरी श्वास टिकत नाही. बेकरीच्या यीस्टची दाट पेस्ट नुसती डायलिसिस पटल आणि टेफ्लॉन पटल यांच्यामध्ये रबरी रिंगने दाबून बसवली तरी चार महिन्यांच्या प्रकल्पाला पुरते, आणि दर आठवड्याला नवी लावता येते.

एन्झाइमचे इलेक्ट्रोड सडू नयेत म्हणून आम्ही सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये ठेवायचो. एका शनिवारी मी सवयीने यीस्टचा इलेक्ट्रोडही त्याच डब्यात ठेवून घरी गेलो. अझाइड श्वसनसाखळीचं शेवटचं एन्झाइमच अडवतं. सोमवारी यीस्ट ठार. दोन डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन २० अंशांना लिटरला ९.१ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना साडेसात. त्यात पेशींचा श्वास तापमानाबरोबर वाढतो. एप्रिलमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी तीन यांमध्ये तुमचा सेन्सर दोन वेगळी यंत्रं असतील. थर्मोस्टॅटचा वॉटरबाथ नसेल तर थर्माकोलच्या पेटीत पाण्याची बादली आणि मत्स्यालयाचा हीटर, ३० अंशांवर. दिसायला वेडंविद्रं, पण चालतं.

पेशींची बाजूही घ्यायला हवी. एन्झाइम मेलं की मेलं, पेशी स्वतःची डागडुजी करते. कोरियातल्या ब्युंग हाँग किम यांच्या गटाने इलेक्ट्रोडवर जीवाणूंचा थर आपोआप वाढू देऊन सूक्ष्मजीव इंधनघटाचा बीओडी सेन्सर केला. जीवाणू अन्नातले इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतात आणि मिळणारा विद्युतप्रवाह म्हणजे रीडिंग. तो पाच वर्षांहून जास्त चालला. माझ्या माहितीत कुठलंही एन्झाइम इतकं टिकलेलं नाही. वेळ असता तर तुम्हाला हेच करायला सांगितलं असतं, पण तसा थर जमायलाच कित्येक आठवडे जातात.

जनुकबदल केलेल्या जीवाणूंचा मोहही अनेकांना होतो. आर्सेनिकचा सेन्सर त्यात सगळ्यात देखणा. ई. कोलायमध्ये आर्सेनिक आलं की एआरएसआर हे प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि बचावाची जनुकं सुरू होतात. त्या जागी चमकणारं किंवा रंग देणारं जनुक बसवायचं. स्वित्झर्लंडच्या यान रुलोफ फान डेर मेर यांच्या गटाने असे जीवाणू व्हिएतनाममधल्या विहिरींच्या पाण्यावर पडताळून पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, आणि जीवाणूंची नजर तिथवर पोचते. पण भूजलातलं लोह हवा लागली की गंजासारखं खाली बसतं आणि आर्सेनिकला बरोबर घेऊन बसतं. जीवाणू निर्दोष, तरी पाणी खोटं स्वच्छ दिसतं. आधी आम्ल घालून मग पायरोफॉस्फेटने उदासीन करण्याची सोपी वाट त्यांनी काढली. असे जीवाणू प्रयोगशाळेबाहेर नेण्याला मात्र आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम लागू होतात. चार महिन्यांत त्या परवानग्यांचं नाव काढू नका.

तुमच्या चार महिन्यांचा हिशेब मी असा लावीन. पहिला महिना नुसत्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर, काहीही न चिकटवता. तो स्थिर नसेल तर पुढचं सगळं वाया. दुसऱ्या महिन्यात यीस्ट, ग्लुकोज-ग्लुटामेट आणि वर सांगितलेल्या अडसराच्या तीन चाचण्या. एन्झाइमच्या जागी यीस्टची पेस्ट दुप्पट करा, एवढाच फरक. तिसऱ्या महिन्यात कारखान्याचे नमुने, एकाच जागेचे, वेगवेगळ्या दिवसांचे, निदान एक सफाईच्या दिवसाचा. प्रत्येकाबरोबर बाटलीतली तीन दिवसांची चाचणी समांतर. कच्चं पाणी हजाराच्या घरात असेल आणि यीस्टचा सेन्सर साधारण ६० मिलिग्रॅमपर्यंतच सरळ रेषेत चालतो, तेव्हा पातळ करण्याचं प्रमाण आधी ठरवा. चौथा महिना लिहायला आणि बिघडलेलं पुन्हा करायला. प्रबंधात 'बीओडीला पर्याय' असं लिहू नका. 'या कारखान्याच्या या हंगामातल्या पाण्यासाठी तीन दिवसांच्या बीओडीशी इतका मेळ' एवढंच लिहा, ते कुणाला खोडता येणार नाही.

आणि गाईड एन्झाइमवरच अडून बसले तर त्यांच्यापुढे दुधातल्या युरियाचा प्रकल्प ठेवा. त्याला युरिएज लागतं, आणि ते तुरीच्या दाण्यात आहे. चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचं पीठ, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस निळा झाला की युरिया आहे, ही चाचणी एफएसएसएआयच्या घरगुती चाचण्यांच्या यादीतही आहे. दुधात मुळातच थोडा युरिया असतो, म्हणून लिटमसच्या 'हो की नाही'ऐवजी पीएच इलेक्ट्रोड लावून आकडा काढणं हा तुमचा प्रकल्प. फक्त दुधाची स्वतःची बफरक्षमता पीएचला दाबून धरते, तेव्हा कॅलिब्रेशन पाण्यात न करता खात्रीच्या दुधात करा. पीठ कच्च्या दाण्याचं घ्या. भाजलेल्या तुरीत युरिएज उरत नाही.